व्हेनिसच्या पावसात सापडलेली बाव

सकाळी सातला खिडकीचा पडदा सरकवला तर समोरच्या इमारतीतले दिवेसुद्धा धूसर दिसत होते. खाली बसथांब्यावर माणसं कॉलर वर करून, छत्र्या घट्ट धरून उभी होती. मी मालवणची, पाऊस मला नवा नाही. पण आमचा पाऊस येतो तो गाजावाजा करत, पत्रे वाजवत. हा बारीक होता, गार होता, आवाजही करत नव्हता, आणि थांबण्याचं कसलंच लक्षण नव्हतं.

आम्ही चौघी पुण्यात एका वसतिगृहात राहत होतो, तेव्हापासून एकमेकींना गावाच्या नावानं हाक मारतो. सोलापूर, नागपूर, नाशिक आणि मी मालवण. दिवाळीनंतर सवडीनं इटलीला जायचं हा बेत तीन वर्षं लांबला होता. व्हेनिसमधली खोली परवडेना म्हणून मेस्त्रेत राहिलो होतो. मेस्त्रे म्हणजे जमिनीवरचं व्हेनिस. तिथून रेल्वेनं खाडी ओलांडली की दहा-बारा मिनिटांत माणूस बेटावर पोचतो.

त्या दिवशी बुरानो बेटावर जायचं ठरलं होतं. रंगीबेरंगी घरांचं ते बेट. नाशिकनं होडीच्या वेळा, फोटो कुठून काढायचे, सगळं वहीत लिहून ठेवलं होतं. तिचं तोंड बघवत नव्हतं. पाऊण तास चहाच्या कपांभोवती बसून आम्ही खल केला. खोलीतच राहावं असं एकदा कोणीतरी म्हणालं, पण उद्या निघायचं होतं. शेवटी सोलापूर म्हणाली, "अगं, पाऊस पडतोय म्हणून सोलापूरच्या माणसानं घरात बसायचं? आमच्याकडं चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं. मी तर जाणार." तिथेच ठरलं. बुरानो रद्द, व्हेनिस पायी बघायचं.

मग भरतीचं बघितलं. पालिकेकडून तिथल्या भरतीचा अंदाज रोज निघतो आणि फोनवर दिसतो. त्या दिवशी साडेनऊच्या सुमाराला ९५ सेंटिमीटर लिहिलं होतं. नागपूर घाबरली, "म्हणजे छातीपर्यंत पाणी?" तसं नसतं. हा आकडा १८९७ साली ठरवलेल्या समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजतात, रस्त्यापासून नाही. शहरातला सगळ्यात सखल भाग सान मार्कोचा चौक. तिथे ऐंशी-पंच्याऐंशीच्या पुढे पाणी चढायला लागतं. म्हणजे ९५ ला चौकात घोटाभर पाणी, बाकी शहर जवळजवळ कोरडं. अंदाज ११० च्या वर गेला तरच समुद्राच्या तोंडावरची दारं उचलतात. लिदो, मालामोक्को आणि क्योज्जा या तीन मुखांशी मिळून ७८ पोलादी दारं समुद्राच्या तळाशी पाण्यानं भरून पडलेली असतात. त्यांच्यात हवा भरली की आतलं पाणी बाहेर पडतं आणि ती वर येऊन भरती अडवतात. या योजनेचं नाव मोझे. खऱ्या उधाणात ती पहिल्यांदा ऑक्टोबर २०२० मध्ये कामाला आली.

उधाण हा शब्द मैत्रिणींना मी समजावून दिला. पौर्णिमा-अमावास्येला भरती मोठी येते ते उधाण, अष्टमीच्या सुमाराला लहान येते तो भांग. त्रिपुरी पौर्णिमा दोन दिवसांवर होती. एड्रियाटिक समुद्र लांबट आणि अरुंद आहे. त्यात दक्षिणेकडून सिरोक्को वारा सुटला की तो पाणी ढकलत ढकलत वरच्या टोकाला, म्हणजे व्हेनिसकडे आणून साठवतो. पौर्णिमा आणि वारा एका दिवशी जुळले की चौकात पाणी. मालवणच्या उधाणापुढे तिथली भरती लहानच. पण आमच्याकडे घरं वर असतात आणि समुद्र खाली. तिथे दोघं एका उंबऱ्यावर राहतात.

व्हेनिसच्या सांता लुचीया स्टेशनातून बाहेर पडलं की रस्ता नाहीच, पायऱ्या आणि खाली थेट मोठा कालवा. पायऱ्यांवर एक बांगलादेशी विक्रेता प्लास्टिकचे गुडघ्यापर्यंतचे बूट विकत होता, आपल्या बुटावरूनच चढवायचे. दहा युरोला जोडी. त्यानं आमचं बोलणं ऐकलं आणि हिंदीत विचारलं, "दीदी, इंडिया से?" मेस्त्रेत बांगलादेशी लोकांची मोठी वस्ती आहे, हे आम्हाला आदल्या दिवशी बाजारात कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्या बघून कळलंच होतं. चार जोड्या घेतल्या तेव्हा त्यानं एक सांगितलं ते दिवसभर उपयोगी पडलं. पुलाच्या पायऱ्यांच्या कडेला जो पांढरा दगड असतो त्यावर पाय टाकू नका, काळ्यावर टाका. तो पांढरा दगड समुद्रापलीकडच्या इस्त्रियाचा, शेकडो वर्षांच्या पायांनी गुळगुळीत झालेला. ओला झाला की काचेसारखा.

वाफोरेत्तो म्हणजे तिथली पाण्यावरची बस. एक नंबरची बस मोठ्या कालव्यातून हळूहळू जाते, दोन्ही बाजूंचे वाडे दाखवत. तिकीट साडेनऊ युरो. पावसाच्या दिवशी ते केवळ बघण्यासाठी काढू नये असं मी कोणालाही सांगेन. आत ओल्या कपड्यांची वाफ, काचांवर धुकं, उभं राहायला जागा नाही. नाशिकनं रुमालानं काचेचा तळहाताएवढा भाग पुसला आणि आम्ही पाळीपाळीनं त्यातून रिआल्तोचा पूल बघितला.

सान मार्कोला उतरलो तेव्हा सव्वादहा झाले होते. चौकात पाणी होतं. आकाशातून पडत होतं ते कमी आणि फरशीतल्या जाळ्यांतून बुडबुड करत वर येत होतं ते जास्त. समुद्र गटारांतून उलटा चढतो. मी वाकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. खारट. वसतिगृहात असते तर चौघी हसलो असतो, तेव्हा कोणीच हसलं नाही. चौकात लोखंडी घोड्यांवर लाकडी फळ्या टाकून गुडघाभर उंचीचा रस्ता केला होता. दोन माणसं जेमतेम जातील एवढा. उजवीकडून चालायचं, मध्ये थांबायचं नाही. फळीवर थांबून फोटो काढणाऱ्यांमुळे मागे किती माणसं पावसात अडकतात ते तिथे कळलं.

आणि छत्र्या. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून छत्री आली तर दोन्ही अडकतात. आमच्यापुढे एक सत्तरीच्या बाई सामानाची चाकाची पिशवी ओढत चालल्या होत्या. समोरून माणूस आला की त्या छत्री भिंतीकडे तिरकी करायच्या आणि समोरचा आपली डोक्यावर उंच धरायचा. कोण तिरकी करणार, कोण उंच, हे नजरेतच ठरत होतं, पाऊल न थांबवता. आम्ही त्यांच्या मागे मागे चालत ते शिकलो. दुपारपर्यंत आम्हालाही जमलं.

डोजेच्या, म्हणजे जुन्या व्हेनिसच्या निवडून दिलेल्या प्रमुखाच्या, राजवाड्याची तिकिटं आधीच काढलेली होती म्हणून रांग लहान मिळाली. राजवाड्याबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते सगळीकडे वाचायला मिळतं. मोठ्या सभागृहाची लांबी ५३ मीटर, रुंदी २५, आणि मध्ये एकही खांब नाही. स्थापत्य अभियंता असलेली सोलापूर तिथे मान वर करून वीस मिनिटं उभी होती. १५७७ च्या आगीत आधीची चित्रं गेली, मग चित्रकार तिंतोरेत्तोनं आणि त्याच्या हाताखालच्यांनी एक आख्खी भिंत स्वर्गाच्या चित्रानं भरली. मला मात्र अंगणातल्या दोन विहिरी आठवतात. पितळेसारख्या दिसणाऱ्या, खरं तर ब्राँझच्या, कंबरेएवढ्या उंच, नक्षीनं भरलेल्या, सोळाव्या शतकातल्या. त्यांच्यावरून पाणी ओघळत होतं. मी म्हटलं, "खाऱ्या पाण्याच्या मधोमध विहीर कशाला?" कोणाकडे उत्तर नव्हतं. फोटो काढला आणि पुढे गेलो.

शेजारच्या सान मार्कोच्या बॅसिलिकेत, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, अर्धा तास. बाहेरून तिला आता काचेची भिंत घातली आहे, तिच्या अलीकडे पाणी आणि पलीकडे कोरडी फरशी. आतली नक्षीची फरशी लाटांसारखी वरखाली झाली आहे, चालताना पायाला कळतं.

बारा वाजून गेले. पाणी उतरलं, पाऊस वाढला. अकादेमिया या चित्रसंग्रहालयाच्या दिशेनं चालताना नकाशा भिजला, फोनला बोट लागेना आणि आम्ही वाट चुकलो. एका पुलावर नागपूरचा पाय नेमका त्या पांढऱ्या कडेवर पडला आणि ती गुडघ्यावर आपटली. हिरव्या क्रूसाची पाटी दिसली म्हणून औषधाच्या दुकानात शिरलो. आतल्या बाईंनी तिला खुर्ची दिली, जखम पुसली, पट्टी लावली आणि फक्त पट्टीचे पैसे घेतले. भाषा एकमेकींना कळत नव्हती. नागपूरचे डोळे भरून आले होते, दुखण्यानं नव्हे.

तिला पाय सरळ करून बसायला जागा हवी होती. एका कमानीखालच्या बोळात जरा कोरडं होतं, समोर मोठं अंगण. कॅम्पो सान्तांजेलो. तिथे चौकाला कॅम्पो म्हणजे शेत म्हणतात. पूर्वी खरंच माती आणि गवत असायचं. आम्ही कमानीखाली बसलो आणि करण्यासारखं काही नव्हतं म्हणून पाऊस बघत राहिलो.

समोर दोन विहिरी होत्या, दगडी, वर लोखंडी झाकणं. त्यांच्या भोवतीची जमीन आजूबाजूपेक्षा पायरीभर उंच. सोलापूर एकदम म्हणाली, "पाणी कुठं चाललंय बघ." मी कालव्याकडे बघितलं. "तिकडं नाही गं. फरशीवर बघ."

अंगणातलं पाणी कालव्याकडे जात नव्हतं. अगदी सौम्य उतारानं ते विहिरीच्या भोवती काही हातांवर असलेल्या पांढऱ्या चौकोनी दगडांकडे चाललं होतं. त्या दगडांना भोकं होती. पाणी तिथे जाऊन गोल फिरत आत उतरत होतं. कालवा बाजूला असताना अख्ख्या अंगणानं पावसाकडे ओंजळ केली होती. सोलापूर छत्री न घेता उठली, त्या दगडापाशी जाऊन उकिडवी बसली आणि हातानं उतार चाचपू लागली. परत आली तेव्हा केस गळत होते. म्हणाली, "ही विहीर नाहीये. हे टाकं आहे. गडावर असतं तसं."

मग तिनं माझ्या वहीत चित्र काढून सांगितलं, आणि रात्री खोलीवर वाचलं तेव्हा तिचं बरोबर निघालं. अंगणाखाली मोठा खड्डा. त्याला सगळीकडून चिकणमातीचा जाड लेप, म्हणजे बाहेरचं खारं पाणी आत येत नाही आणि आतलं बाहेर जात नाही. खड्डा स्वच्छ वाळूनं भरलेला. मधोमध विटांची उभी नळी, तीच वरून विहीर दिसते. पावसाचं पाणी भोकांच्या दगडांतून वाळूत उतरतं, गाळत गाळत तळाशी जातं आणि विटांमधून झिरपून नळीत साठतं. वरून पोहरा टाकायचा आणि उपसायचं. जमीन पायरीभर उंच का, तेही तेव्हाच कळलं. उधाणाचं पाणी चढलं आणि भोकांतून आत गेलं की अख्खं टाकं नासायचं, उपसून धुवायला लागायचं. म्हणून अंगण उचललेलं.

मला त्या क्षणी सिंधुदुर्ग दिसला. चारी बाजूंनी समुद्र आणि आत तीन गोड्या पाण्याच्या विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. १६६४ मध्ये किल्ल्याचं काम सुरू झालं, त्याच्या आधी कुरटे बेटावर उभं राहिलं तर खडक आणि लाटाच दिसत असणार. तिथे गोडं पाणी आहे हे ज्यांनी हेरलं त्यांच्याबद्दल आजी फार आदरानं बोलायची. होडीतून उतरलं की मंदिरात जायच्या आधी ती आम्हाला बावीपाशी न्यायची आणि ओंजळीत पाणी घालायची. "चाख. भायर खारा, हय गोडा." किल्ल्यात राहणारी कुटुंबं आजही ते पाणी वापरतात. आमच्या बेटानं ते पोटातून दिलं. व्हेनिसच्या माणसांना तेवढंही मिळालं नाही, त्यांना आभाळाकडून थेंब थेंब मागून घ्यावं लागलं. मी हे मैत्रिणींना सांगत होते आणि माझा आवाज कापत होता. नाशिकनं वही बंद केली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानंतर आम्ही काही वेगळंच बघत फिरलो. वाडे नाही, पूल नाही. प्रत्येक अंगणात शिरलो की आधी दगडी तोंड शोधायचं, मग भोकांचे दगड मोजायचे, मग उतार. कुठे चार, कुठे दोन. विहिरींच्या काठावर दोरानं पडलेले खोल घळ होते. माझ्या घरच्या रहाटाजवळच्या दगडावर तसेच आहेत. मी बोट घातलं तर पहिलं पेर पूर्ण बुडलं. १८५८ मध्ये मोजणी झाली तेव्हा शहरात ६,००० हून अधिक विहिरी होत्या. बहुतेक घरांच्या आवारातल्या, बाकी सार्वजनिक. सार्वजनिक विहिरींना कुलूप असायचं. घंटा वाजली की उघडायच्या आणि लोक भांडी घेऊन यायचे. पाऊस कमी झाला की ब्रेन्ता नदीचं पाणी होड्यांनी आणून या टाक्यांत ओतायचे. १८८४ मध्ये मुख्य भूमीवरून नळ आला आणि हळूहळू झाकणं बसली.

रिआल्तोच्या मासळी बाजारात पोचेपर्यंत दोन वाजले. बाजार उठला होता, फरशीवर पाणी मारत होते, सीगल कडेला भांडत होते. मला वाईट वाटलं, मासळी बघायची राहिली. पण भिंतीवर एक जुनी संगमरवरी पाटी सापडली. कुठला मासा किती लांबीचा झाल्याशिवाय विकायचा नाही, त्याची यादी. तारलीसाठी ७ सेंटिमीटर, वाममाशासाठी २५. पिल्लं मारू नका हे कोणीतरी दगडात कोरून बाजाराच्या तोंडाशी लावलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटली. मालवणला पिल्लांसकट अख्खा थवा ओढून नेणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवरून वर्षानुवर्षं भांडणं चालली आहेत, ती ज्यानं जवळून बघितली त्याला वाटणारच.

जेवायला जवळच्याच एका लहान जागेत शिरलो. चार टेबलं, दाराशी ओल्या छत्र्यांची बादली. मी सार्दे इन साओर मागवलं. तळलेल्या तारल्या, त्यावर मऊ शिजवलेला कांदा, व्हिनेगर, बेदाणे आणि चिलगोज्यासारख्या बिया. दोन दिवस मुरवून थंडच खातात. दर्यावर्दी लोक मासा टिकावा म्हणून असा करायचे. आंबट आधी लागतं, मग गोड, तारलीचा तेलकटपणा सगळ्यात शेवटी. आमच्या माशाच्या तिखल्यात आंबटाला कोकम असतं आणि तिरफळ जीभ बधिर करतं, पण कल्पना तीच. शाकाहारी नागपूरला मक्याच्या जाड रव्याचा पोलेंता आणि त्यावर मशरूम मिळाले. तिनं पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून, आमचं सगळ्यांचं मिळून नसेल एवढं शांतपणे जेवण केलं.

टेबलाच्या वर भिंतीवर जुना फोटो होता. दोन बाया, डोक्याला टोप्या, खांद्यावर वाकडं लाकूड आणि त्याच्या दोन्ही टोकांना तांब्याच्या बादल्या. कावड. मागे नक्षीची ब्राँझची विहीर, सकाळी राजवाड्यात आम्ही फोटो काढून सोडून दिली होती तीच. या बायकांना बिगोलान्ती म्हणत. घरोघरी पाणी विकत, जिने चढून पोचवत. त्यांतल्या एकीच्या खांद्यावर लाकडाखाली दुमडलेलं फडकं दिसत होतं. सोलापूर बराच वेळ त्या फडक्याकडे बघत होती. मग म्हणाली, "माझ्या आईच्या डोक्यावरची चुंबळ अशीच असायची. टँकर आला की."

आम्ही कोणी काही बोललो नाही. तिनं पाण्याचा पेला उचलला आणि पूर्ण संपवला.

साडेचारला काळोख पडायला लागला. स्टेशनकडे परतताना एका अंगणात पाऊस पहिल्यांदा थोडा थांबला. दिव्यांच्या उजेडात भोकांच्या दगडाभोवती पाणी अजून फिरत होतं. मी घरी फोन लावला. मालवणात रात्रीचे नऊ वाजले होते, आई जेवण आटपून ओटीवर बसली होती. तिला मी सगळं सांगितलं. अंगण कसं उतरतं केलंय, वाळू, विटा, माती, कुलूप, घंटा, फोटोतल्या बाया. ती मध्ये एकदाही बोलली नाही. माझं सांगून झाल्यावर म्हणाली, "आणि पानी? गोडा आसा?"

मी म्हटलं, "झाकण घातलेलं आहे, आई. आता कोणी उपसत नाही."

"मगे कान लावून बघ," ती म्हणाली. "बाव भरलेली आसली तर आयकाक येता."

मी छत्री नाशिककडे दिली, त्या गार लोखंडी झाकणावर वाकले आणि कान टेकवला. खाली कुठेतरी, एकेक, थेंब पडत होते.